बालगृहातून थेट ऑश्विट्झला

नाझी राजवटीने केलेल्या रोमांच्या (‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाच्या) वंशसंहाराच्या स्मृतिदिनानिमित्त (२ ऑगस्ट) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. ऑश्विट्झ छळछावणीचे वर्णन नेमके आहे, पण बालगृहांचा त्यात उल्लेखही नाही, आणि ही उणीव मोठी आहे. रोमा मुलांच्या बाबतीत संहाराची वाट सरकारी ‘संगोपना’तूनच गेली.

दक्षिण जर्मनीत मुल्फिंगेन येथे सेंट जोसेफ्सफ्लेगे हे कॅथलिक बालगृह होते. आईवडिलांपासून तोडलेली सिंती (जर्मनीतील रोमा) मुले सरकारी आदेशाने तिथे एकत्र आणली गेली. एव्हा युस्टिन या संशोधिकेने आपल्या प्रबंधासाठी त्यांची मोजमापे घेतली, चाचण्या घेतल्या, खेळतानाचे चित्रीकरणही केले. निष्कर्ष असा, की जर्मन वळणाने वाढवूनही ही मुले सुधारत नाहीत, सबब त्यांची नसबंदी करावी. घरापासून तोडल्याने मुलाचे काय होते, हा साधा प्रश्न तिला पडला नाही!

डिसेंबर १९४२ मध्ये नाझी एसएस दलाचा प्रमुख हिमलर याचा आदेश निघाला आणि रोमा कुटुंबे ऑश्विट्झला जाऊ लागली. ही मुले मात्र अभ्यासासाठी राखून ठेवली गेली. प्रबंध हातावेगळा झाल्यावर, ९ मे १९४४ रोजी, ३९ मुलांना नेण्यात आले. सहलीला जायचे आहे, असे त्यांना सांगितले होते. नावे, वये, पालकांचा तपशील संस्थेच्या दप्तरात तयारच होता. कुणाला शोधावे लागले नाही. चार मुले वाचली.

युस्टिन १९४८ पासून फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरीला होती. तिच्यावरील चौकशी १९६० मध्ये बंद झाली.

– एक वाचक