देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढायच्या आधी

चि. बापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी 'लगेच मुंबईला या, मोठ्या डॉक्टरला दाखवू' असा हट्ट धरून तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. "लेकरू काळजीनं बोललं, तुम्ही त्याच्या अंगावर गेलात," म्हणते. गेलो खरा. 'मी काय मेलोय का' असं म्हणायला नको होतं. पण 'परभणीच्या डॉक्टरांना काय कळतं' हे तुझंही बरं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या रक्तात प्रोटीन जास्त आहे, हे परभणीच्याच डॉक्टरनं हेरलं. त्यानंच संभाजीनगरला धाडलं. नाहीतर डोळा करून, काळा चष्मा लावून मी आपला बाजेवर बसलो असतो.

फोनवर मला नीट सांगता येत नाही, तू मधेच बोलतोस. म्हणून लिहितो.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हाडाच्या मगजात काही पेशी असतात, त्या रोगाशी लढायला नाना तऱ्हेची प्रथिनं तयार करतात. माझ्यात त्यातली एकच जात तणासारखी माजलीय आणि एकच प्रथिन काढत सुटलीय. त्याला एम-बँड म्हणतात. माझा डेसिलिटरला 1.1 ग्रॅम. या दुखण्याची हद्द 3 ची, तिच्या बराच आत. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, किडनी सगळं जागेवर. दुखण्याचं नाव एमजीयूएस. हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी. आणि पुष्कळ माणसं त्याच पायरीवर म्हातारी होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातात. शंभर जणांत वर्षाला एखाद्याचं पुढं मायलोमात, म्हणजे मगजातल्या त्या पेशींच्या कॅन्सरात जातं. यावर औषध देत नाहीत. सहा महिन्यांनी रक्त बघायचं, मग वर्षाला.

तुला हे हातावर हात ठेवून बसणं वाटतं. कापसावर गुलाबी बोंडअळी आली त्या साली विद्यापीठाची माणसं आपल्या रानात कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लावून गेली होती, मी तुला फोटो धाडले होते. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले तरच फवारा, तोवर नुसतं मोजा, असं सांगून गेले. पतंग दिसला की पंप उचलायचा, ही माझी तीस वर्षांची खोड. रोज सकाळी जाऊन नुसतं मोजायचं आणि वहीत लिहायचं, लई जड गेलं. पण त्या साली दोन फवारे वाचले. मोजणं हेही कामच आहे रे.

पंपाचा विषय निघालाच आहे तर... राहू दे, नंतर लिहितो.

तुझ्या थोरल्या काकांच्या वेळचं तुला सगळं ठाऊक नाही. तू तेव्हा हॉस्टेलला होतास. मुंबईत परळला, कॅन्सरच्या दवाखान्याबाहेर, दीड महिना आम्ही तिघं फुटपाथवर होतो. मी पाण्याची कॅन घेऊन रांगेत उभा राहायचो आणि मनात विहिरीखालच्या वावराचा भाव करायचो. वावर गेलं, दादाही गेले. त्यात दवाखान्याचा दोष नव्हता, आम्हीच उशिरा पोचलो होतो. तू म्हणशील, म्हणूनच म्हणतो आता लवकर चला. हे मला खोडता येत नाही, म्हणून तर रविवारी चिडलो.

आणि दुसऱ्याच्या तब्येतीचा एवढा कळवळा असलेला माणूस स्वतःकडं बघत नाही. कंपनीत वर्षाला फुकट तपासणी होते, ती तू दोन वर्षं केली नाहीस म्हणून सूनबाई सांगत होती. रात्री बारापर्यंत लॅपटॉप. जेवण उभ्या-उभ्या. चाळिशी जवळ आली आता. पाठ दुखते म्हणालास दिवाळीत, ती कशानं दुखते हे कुणाला दाखवलंस का? थकवा येतो का? लघवीला फेस येतो का, हे तर बघितलंही नसशील.

बघ, लागलो पाढे म्हणायला. रागावू नको. कल्याणला स्वतःच्या नावाचं घर असलेल्या मुलाला बापानं लघवीचं विचारावं हे काही शोभत नाही.

तर पंप. डॉक्टरांनी विचारलं, फवारणी करायचात का? मी म्हणालो, मानवतच्या बाजारात कापूस घालणारा माणूस दुसरं काय करणार? मोनोक्रोटोफॉस मारलं, एंडोसल्फान मारलं, त्यावर बंदी आली 2011 ला. तोवर मिळेल ते मारलं, दोन-दोन एकत्र करून मारलं. ते म्हणाले, अमेरिकेत औषधं फवारणाऱ्या पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा हे दुखणं इतरांपेक्षा जवळपास दुप्पट दिसलं. लगेच असंही म्हणाले की तुम्हाला त्यानंच झालं असं कुणी सांगू शकत नाही, वयानंही होतं. तोवर मला माझं काहीच वाटलं नव्हतं.

बीटी, म्हणजे बोंडअळीला दाद न देणारं कापसाचं बियाणं, 2002 ला आलं. त्याच्या आधीच्या दोन साली तू आठवी-नववीला होतास. सालगडी पोळ्यालाच सोडून गेला होता. बोंडअळी अशी की आठवड्याला फवारा. तू विहिरीतून पाणी शेंदून द्यायचास, बादलीत औषध काठीनं हलवायचास. मग एक दिवस 'अण्णा, मी मारतो' म्हणून पंप पाठीवर घेतलास. तुझ्या दोन खांद्यांत तो मावत नव्हता. आणि मला आनंद झाला. पोरगं कामाचं निघालं म्हणून मी बांधावर बसून तंबाखू मळली. नोझल चोंदलं तेव्हा हाक मारलीस. मी तिथूनच म्हणालो, काढ आणि तोंडानं फुंक. तू फुंकलंस. नंतर तुला ते सांगावंच लागलं नाही. मास्तरांनी एकदा मला बोलावून विचारलं होतं, याच्या दप्तराला औषधाचा वास कसा येतो? मी हसून म्हणालो, शेतकऱ्याचं पोरगं आहे. त्याच वर्षी तू शाळेत पहिला आलास.

मी डॉक्टरांना विचारलं, मुलाचं रक्त बघायचं का? म्हणाले, काही त्रास नसेल तर सहसा गरज नाही, इतक्या कमी वयात हे क्वचितच असतं. माणूस चांगला आहे. पण तो त्या बांधावर नव्हता.

आता एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती. रक्तात फ्री लाईट चेन म्हणून आणखी एक तपासणी असते, असल्या प्रथिनांचे सुटे तुकडे मोजायची, तिचं प्रमाण माझं थोडं बिघडलेलं आलंय. त्यामुळं कमरेच्या हाडातून मगज काढून बघावा आणि एकदा रक्ताच्या मोठ्या डॉक्टरला दाखवावं, असं संभाजीनगरचेच डॉक्टर म्हणाले. म्हणजे तुझं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. त्या सुईची भीती वाटते हेही खरं. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही, बोलू नको.

तेव्हा मी येतो. पहिली वेचणी झालीय, तुरी निघाल्या की जानेवारीत. एकदा दाखवायचं, ते म्हणाले नुसतं बघत राहा, तर परत येऊन परभणीलाच रक्त द्यायचं, मग तू हट्ट करायचा नाही. आणि त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, तुझंही रक्त काढायचं. हे कबूल असेल तर देवगिरीचं तिकीट काढ, खालचा बर्थ बघ. कल्याणला उतरवून घे.

आईनं तीळ निवडून ठेवलेत, ते घेऊन येतो. सूनबाईला आणि चिमणीला आशीर्वाद. रक्त द्यायला उपाशीपोटी यावं लागतं का, ते विचारून ठेव. तुझ्यासाठी म्हणतोय, तुला सकाळी चहाशिवाय होत नाही.

तुझे,
अण्णा