बाइंडिंगचा स्क्रू कोण फिरवणार?

महोदय,

कालच्या (२१ फेब्रुवारी २०२१) रविवार पुरवणीत गुलमर्गच्या स्कीइंगवर पानभर लेख आला. फोटो सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. मात्र 'उघड्यावरचा खेळ, त्यामुळे कोरोनाचं भय नाही' आणि 'सामान तिथेच भाड्याने मिळतं, काळजी नको' ही दोन वाक्यं कुणीतरी कापायला हवी होती. अमरावतीत आज रात्रीपासून पुन्हा लॉकडाऊन लागतोय आणि आपण वाचकांना बर्फात पाठवतोय. पाठवा, पण नीट सांगून पाठवा.

लेखक म्हणतात, युरोपने घाबरून स्कीइंग बंद केलं. कुठल्या युरोपने? स्वित्झर्लंडमध्ये ते चालूच आहे, फक्त डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या बंद केबिनमध्ये क्षमतेच्या दोन तृतीयांशच माणसं. ऑस्ट्रियाने २४ डिसेंबरला लिफ्ट सुरू केल्या, पण हॉटेलं बंद आणि परदेशातून येणाऱ्याला विलगीकरण, म्हणजे खेळ स्थानिकांपुरता. फ्रान्समध्ये गावं उघडी, लिफ्ट बंद. इटलीत १५ फेब्रुवारीला सुरू व्हायचं होतं, ते आदल्या संध्याकाळी रद्द झालं. त्या वेळी लिफ्टवाल्यांनी उतारावरचा बर्फ दाबून, माणसं कामावर घेऊन ठेवली होती. यात घाबरटपणा कुठे दिसला?

उतारावर माणसं लांब लांब असतात, हे खरंच आहे. गेल्या मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीच्या गावातून हा आजार अर्ध्या युरोपात गेला तो उतारावरून नव्हे, तर संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या बारमधून. आइसलँडने ५ मार्च २०२० ला त्या गावाला धोक्याच्या यादीत टाकलं होतं, खोरं बंद झालं १३ मार्चला. गुलमर्गला बार नसेल, पण पायथ्याच्या तंगमर्गहून वर नेणारी काचा बंद केलेली सुमो आहे, तिकिटाची रांग आहे, बूट चढवायची टपरी आहे आणि बुखारीभोवती (काश्मिरी शेगडीभोवती) कोंडाळं करून बसायचं खोपटं आहे. गंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, केबिन सहा जणांची. त्यात फक्त आपलीच माणसं बसवा आणि हवा यायची फट उघडी ठेवा. केबिनमध्ये मोजकी मिनिटं जातात, रांगेत तास जातो. खरी काळजी रांगेत घ्यायची.

मास्कबद्दल लेखात एक ओळ आहे: 'मास्क लावून स्की करा.' कसा, ते कोण सांगणार? श्वासाच्या वाफेने कापडी मास्क थोड्याच वेळात ओला होतो, थंडीत कडक होतो आणि मग त्यातून श्वास घेता येत नाही. दोन-तीन कोरडे मास्क आतल्या खिशात ठेवा. मास्कची वरची कड गॉगलच्या फोमखाली गेली की वाफ थेट काचेवर, आणि उतारावर आंधळी कोशिंबीर. मास्क फोमच्या खालीच संपला पाहिजे, गॉगल दुहेरी काचेचा हवा आणि थांबल्यावर तो कपाळावर चढवायचा नाही, कारण घामाने आतून धुरकटतो.

आता भाड्याचं सामान. बूट स्कीला जखडणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. धरून ठेवणं हे त्याचं निम्मंच काम, पडताना वेळेवर सोडणं हे उरलेलं निम्मं. बूट बाजूला पिळला की पुढचा जबडा सोडतो, टाच वर ओढली गेली की मागचा. किती जोराला सोडायचं तो आकडा स्क्रू फिरवून बसवतात, तो दोन्हीकडच्या छोट्या खिडकीत दिसतो, त्याला सगळे डिन म्हणतात. तो तक्त्यावरून काढायचा असतो: वजन, उंची, वय, शिकाऊ की तरबेज, आणि बुटाच्या तळव्याची लांबी, जी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. सत्तर किलोच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या, तिशीतल्या नवशिक्याचा आकडा ५ च्या आगेमागे येतो. पन्नाशी उलटली असेल तर तक्त्यात एक ओळ वर, म्हणजे आकडा आणखी कमी.

टपरीवर काय होतं? कालचा गिऱ्हाईक तरबेज असेल तर आकडा ८ वर राहिलेला असतो. पोऱ्या टाचेचा भाग पट्टीवर मागेपुढे सरकवतो, बूट 'खट्' बसतो आणि 'हो गया साहब'. बूट बसला म्हणजे बाइंडिंग लागली असं नव्हे. टाचेच्या भागावरची, मागून पुढे येणाऱ्या दाबाची खूण ठरलेल्या रेघांमध्ये आली पाहिजे. जास्त दाबाने पुढचा जबडा अडकतो, कमी असेल तर चालता चालता स्की निघून जाते. बाइंडिंगवरची, पंजाखालची गुळगुळीत पट्टी झिजली किंवा गायब असेल तर आकडा कितीही बरोबर असो, बूट घासून अडतो. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असेल तरी तेच. म्हणून प्रत्येक वेळी काठीने तळवा खरवडूनच पाय ठेवायचा. शिवाय डोंगर चढायच्या टूरिंग बुटाचा रबरी, वळलेला तळवा साध्या बाइंडिंगमध्ये बसवून देणारेही असतात. नको म्हणा. सामान दुसरं मागा, किंवा सरळ घसरगाडीवर बसा.

बुटाचं माप चपलेच्या नंबरावर नाही, पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरवर घेतात. आतलं अस्तर काढून पाय रिकाम्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली की माप बरोबर. मोजा एकच. दोन मोजे घालून सैल बूट घट्ट करणाऱ्याचा बूट वळतो, स्की वळत नाही.

इतकं करूनही मागे रेलून पडताना गुडघा पिळला तर बाइंडिंगला पत्ताही लागत नाही. त्यामुळे पडल्यावर घसरत असताना उठायची धडपड करायची नाही, पूर्ण थांबल्यावरच उठायचं. साथीच्या दिवसांत फुटलेला पाय एकट्याचा नसतो, त्याला एक खाट आणि एक डॉक्टर लागतो. युरोपातल्या सरकारांचा एक हिशोब हाच होता. ताजं प्लास्टर असेल तर विमानात बसण्यापूर्वी ते उभं चिरून घ्यावं लागतं, कारण पाय सुजतो. आणि साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा नसतंच. पॉलिसीतली बारीक अक्षरं श्रीनगरला नव्हे, घरीच वाचा.

'पहिल्याच दिवशी फेज टूने शिखरावर जा' हा सल्ला तर परमावधी. फेज टू म्हणजे गंडोलाचा वरचा टप्पा. तिथला अफरवत शिखराचा उतार दाबून सारखा केलेला नाही, तिथे हिमस्खलनं होतात. नवशिक्याची जागा खालच्या कुरणात, स्कीची टोकं जवळ आणून ब्रेक लावायला शिकण्याची.

जाता जाता: लेखात गुलमर्गची उंची '८,६९० मीटर' छापली आहे. म्हणजे के-टूपेक्षाही उंच! ते फूट आहेत. मीटर सुमारे २,६५०. आणि आपण रोज महाबळेश्वरचं तापमान छापता, तसा सीझनमध्ये काश्मीरचा हिमस्खलनाचा इशाराही छापायला काय हरकत आहे? चंदीगडची संरक्षण संशोधन संस्था तो देत असते. शुक्रवारपासून तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा आहेत, तेव्हा आपलीही माणसं जातीलच.

निदान फूट-मीटरची दुरुस्ती उद्याच्या अंकात यावी, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे