गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या घरपोच फिजिओथेरपी सेवेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच फिजिओथेरपी सेवा विभाग, पुणे

विषय : गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर आईला मिळालेल्या सदोष सेवेबद्दल परतावा व उपचारांच्या नोंदी मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाल्यावर आम्ही आपल्या अ‍ॅपवरून घरी येणाऱ्या फिजिओथेरपीचे पॅकेज घेतले आणि पूर्ण रक्कम आगाऊ भरली. आम्ही पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि पायऱ्या उंच आहेत. नुकतेच ऑपरेशन झालेल्या बाईला रोज खाली उतरवून क्लिनिकला नेणे शक्य नव्हते, म्हणून हा पर्याय निवडला. बुकिंगच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी 'शेवटपर्यंत एकच थेरपिस्ट' असे सांगितले होते. तसा मेसेजही माझ्याकडे आहे.

सुरुवातीला जे थेरपिस्ट आले त्यांच्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. ते येताना कोनमापक आणायचे. गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो हे दर वेळी मोजून आईच्या वहीत लिहायचे. घोटा वरखाली करणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, पाय ताठ ठेवून उचलणे हे सगळे त्यांनी आईकडून करून घेतले आणि ते कशासाठी हेही समजावले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे त्यांनी घरातल्या उंबऱ्यावर शिकवले. गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकू लागला होता आणि पूर्ण सरळ व्हायला पाचच अंश उरले होते. आई दुखणे सोसून व्यायाम करत होती, कारण वहीतला आकडा वाढताना तिला दिसत होता.

मग आपण त्यांना शहराच्या दुसऱ्या भागात पाठवले. आम्हाला कोणी विचारले नाही, कळवलेही नाही. त्यानंतर जवळजवळ दर वेळी नवा माणूस दाराशी यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "आजी, ऑपरेशन कुठल्या पायाचं?" मागच्या थेरपिस्टने काय केले याची कसलीही नोंद त्यांच्याकडे नसायची. वही पुढे केली तर ती उघडायलाही कोणी तयार नव्हते. कोनमापक त्यानंतर कोणीच आणले नाही.

यातील दोन गोष्टी मला सविस्तर लिहायच्या आहेत, कारण त्या नुसत्या गैरसोयीच्या नव्हत्या, धोक्याच्या होत्या.

एका थेरपिस्टने आईच्या गुडघ्याखाली जाड उशी ठेवून मशीन लावले आणि वेळ संपेपर्यंत तसेच राहू दिले. जाताना "उशी अशीच ठेवा, आराम वाटेल" असे सांगूनही गेले. वाकलेल्या गुडघ्याला आराम वाटतो हे खरे, पण त्यामुळेच मागचे स्नायू आणि सांध्याचे आवरण आखडते व पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. आधार द्यायचा तो टाचेखाली, गुडघ्याखाली नाही, हे आमच्या डिस्चार्ज कार्डावर छापलेले आहे. पाय सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडत चालतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आईची पोटरी सुजून दुखत होती. तिने तसे सांगताच आलेल्या व्यक्तीने तेल मागितले आणि पोटरी चोळायला घेतली. सांधेरोपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि पोटरीची सूज व दुखणे ही तिची लक्षणे आहेत. गाठ असेल आणि चोळताना सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. मी त्यांना थांबवले आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून आईला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवले व डॉप्लर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) केली. गाठ निघाली नाही. पण तेल मागण्याआधी 'डॉक्टरांना दाखवा' एवढे तरी आपल्या माणसाने म्हणायला हवे होते. मी त्यांना पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा "मी असिस्टंट आहे" असे उत्तर मिळाले. आम्ही पैसे नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचे भरले होते.

याशिवाय ऐनवेळी रद्द झालेल्या भेटी. अ‍ॅपवर 'स्लॉट बदलला आहे' असा संदेश यायचा, फोन केला की पुढच्या आठवड्याची तारीख मिळायची. ऑपरेशननंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे गुडघ्याच्या दृष्टीने मोलाचे असतात. आत व्रण घट्ट होत जातो आणि सांधा जखडू लागतो. या काळात बुडालेला आठवडा नंतर दुप्पट व्यायाम करून भरून निघत नाही. शेवटी आमच्या उरलेल्या भेटी 'मुदत संपली' म्हणून आपण बाद केल्या. रद्द आपण करायचे आणि मुदत आमची संपायची, हे मला मान्य नाही.

फेरतपासणीत सर्जननी मोजले तेव्हा गुडघा ७८ अंश वाकत होता आणि सरळ व्हायला बारा अंश कमी पडत होते. म्हणजे पहिल्या थेरपिस्टने जे कमावले तेही गेले. सपाट जमिनीवर चालायला सुमारे ६५ ते ७० अंश पुरतात, पण आमच्यासारखा जिना चढायला आणि खुर्चीतून हात न टेकता उठायला ९० आणि त्याहून जास्त लागतात. काही आठवड्यांत सुधारणा झाली नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल, असे त्यांनी सांगितले आहे. पुन्हा भूल हे ऐकल्यापासून आई रात्री नीट झोपलेली नाही. सध्या आम्ही ओळखीतून मिळालेल्या फिजिओथेरपिस्टकडून उपचार घेत आहोत आणि त्याचा खर्च वेगळा होतो आहे.

माझी मागणी अशी की, पहिल्या थेरपिस्टच्या भेटी वगळून पॅकेजची उरलेली सर्व रक्कम आणि डॉप्लरचा खर्च परत करावा. घरी आलेल्या प्रत्येक व्यक्तीची पात्रता व राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि आईच्या उपचारांच्या ज्या काही नोंदी आपल्याकडे असतील त्या लेखी द्याव्यात. असिस्टंटला एकट्याने रुग्णाच्या घरी कोणी आणि का पाठवले, याचेही उत्तर हवे. कूपन किंवा पुढील बुकिंगवर सवलत आम्ही स्वीकारणार नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे आजही कुणाची तरी आई टाके काढून घरी आली असेल आणि पुढच्या भेटीची वाट पाहत असेल. तिच्या घरी पाठवायच्या माणसाबद्दलचा निर्णय या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता घ्यावा, ही विनंती.

आपली,
रुग्णाची मुलगी

सोबत : पॅकेजची पावती, 'एकच थेरपिस्ट' हा मेसेज, रद्द झालेल्या भेटींचे संदेश, डिस्चार्ज कार्ड, डॉप्लरचा अहवाल व बिल, फेरतपासणीचा कागद आणि आईच्या वहीची छायाप्रत.