शनिवारच्या बाटलीबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

फोन करणार होतो, पण फोनवर तू "बरं बाबा" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. शनिवारी तुझ्या मित्रमैत्रिणींसमोर मी टेबलावरची वाइनची बाटली उचलून आत नेली, ते चुकलंच. "बाबा, हे माझं घर आहे," असं तू म्हणालीस, तेही बरोबरच होतं. परत येताना आई गाडीत एक शब्द बोलली नाही. त्यावरून माझी चूक केवढी ते ओळख.

त्यावर आता काही लिहीत नाही. येत्या रविवारी मासे आणि मटण दोन्ही आहेत, तर वाइन कुठली ठेवू, असं तू विचारलं होतंस. तेवढंच लिहितो.

आधी मासे. तेलकट माशाबरोबर रेड घेतली की लोखंड चाटल्यासारखी चव येते. आम्ही वर्षानुवर्षं त्याचा दोष टॅनिनला, म्हणजे रेडमधल्या तुरट द्रव्याला, देत होतो. 2009 साली जपानमधल्या संशोधकांनी ते तपासलं तर गुन्हेगार निघालं वाइनमधलं लोह. लोह जितकं जास्त, तितका तो माशाचा वास तोंडात रेंगाळतो. आता लेबलावर लोहाचं प्रमाण कोणी छापत नाही, तेव्हा सरळ आंबटसर व्हाइट घे. माशावर लिंबू पिळून जे साधतं तेच ती करते. शॅब्ली, म्हणजे फ्रान्समधल्या त्या गावची व्हाइट, मिळाली तर उत्तम. तिथल्या जमिनीत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कालवांचे शिंपले सापडतात आणि त्यांची चव वाइनमध्ये उतरते, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. माशांबरोबर ती लागते मात्र झकास.

मटण तिखट करणार असशील तर चौदा-साडेचौदा टक्क्यांची दणकट रेड अजिबात नको. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं, पाहुणे पाणी पाणी करतात. जर्मनीतल्या मोझेलची किंचित गोड व्हाइट, रीझलिंग बघ, लेबलावर काबिनेट (हलक्या प्रकारची) लिहिलेली. गोडवा तिखटाची धार बोथट करतो, आणि अल्कोहोलही बऱ्याचदा आठ-नऊ टक्केच. म्हणजे ग्लास भरले तरी... बघ, आलोच फिरून तिथे.

तिखट नसेल, मंद आचेवर शिजवलेलं असेल, तर काबरने सोव्हिन्यों ही रेड. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मटण असलं की ते मांसाच्या प्रथिनांत अडकतं, स्निग्धपणाही मदतीला येतो आणि वाइन मऊ लागते. पहिली काबरने आपण एकत्र उघडली तेव्हाचं तुला आठवतं का? नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आली होतीस. मी पुस्तकात वाचलेली कुठकुठली फळं त्या वासात शोधत बसलो होतो. तू ग्लास नाकाशी नेलास आणि म्हणालीस, "पेन्सिलला टोक केल्यावर येतो तो वास." अगदी तोच होता. शाळेच्या दप्तरात पेन्सिलींची सालं साठवणारी मुलगी ती, तिला नाही कळणार तर कोणाला! त्या रात्री मी आईला तीनदा सांगितलं की हिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुला कधी सांगितलं नाही.

पण तीच काबरने ताटं उचलल्यावर घेऊन बघ. तुरट, रुक्ष. ती जेवणाची वाइन आहे. जेवण संपल्यावर तुमच्याकडे जी बाटली उघडली जाते, ती कशाबरोबरची असते? शनिवारी मी मोजलं. सहा माणसं, चार बाटल्या. एका बाटलीत 750 मिली, म्हणजे दीडशेचे पाच ग्लास, एकूण वीस. आमचे दोघांचे मिळून दोन. उरलेले तुम्हा चौघांत, प्रत्येकी साडेचार. तेरा टक्के धरले तर एका ग्लासात पंधराएक ग्रॅम अल्कोहोल. तेवढं निपटायला यकृताला दोनेक तास लागतात.

हे व्याख्यान झालं. माफ कर. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि भागाकार तुलाही येतो.

पण भाऊकाकाचं ताट मी रोज रात्री झाकून ठेवायचो आणि सकाळी ते तसंच मिळायचं, हे तू पाहिलेलं नाहीस. तोही टेबलावर सगळ्यांना हसवायचा. शनिवारी सगळे हसत होते आणि टेबलावर एकही ताट नव्हतं, तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला.

शिवाय ही सवय लावली मीच. रेड वाइन हृदयाला चांगली, हे माझंच पालुपद. 1991 साली अमेरिकेच्या टीव्हीवर फ्रेंच लोकांच्या हृदयाबद्दल तसा कार्यक्रम झाला आणि माझ्यासारख्यांनी ते सोयीने धरून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. तेव्हा ते वाक्य मी मागे घेतो. प्यायची तर चवीसाठी, औषध म्हणून नाही.

गोडाचं राहिलं. वाइन नेहमी गोड पदार्थापेक्षा जास्त गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. चॉकलेट केक असेल तर पोर्ट ही गोड, कडक वाइन ठेव. सोतर्न ही फ्रान्सची गोड व्हाइट घेतलीस तर 375 मिलीची छोटी बाटली पुरे. सहा जणांना पुरे, असं म्हणतोय, दुसरा काही हेतू नाही. (आहे.) रेड वाढण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, तुझं स्वयंपाकघर तापतं.

आणखी एक. ती शनिवारची बाटली मी तुझ्या ओट्यावर ठेवली अशी माझी समजूत होती. आज दूध काढताना ती आमच्या फ्रिजच्या दारात दिसली. आईने उचलून आणली होती, मला न सांगता. बूच काढून पाहिलं तर तिच्यातला एकच ग्लास गेलेला. म्हणजे सोळा ग्लास, आमचे दोन वजा करून चौदा. साडेचाराचे साडेतीन झाले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अजून मोजतोच आहेस का?"

चार दिवस झाले तरी वास अजून बरा आहे. रविवारी घेऊन येऊ का, ते कळव. नको म्हणालीस तर आणणार नाही.

तुझा,
बाबा