बरोबर प्रोग्रामला ‘चूक’ ठरवणाऱ्या तपासणीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी तालुक्याच्या गावी एका शाळेत संगणक शिकवते. जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आम्ही पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरचे ३० परवाने वर्षभरासाठी घेतले. धड्यांतले मराठी सोपे आहे. तक्रार आहे ती उत्तरे तपासण्याच्या पद्धतीबद्दल.

गेल्या आठवड्यात आठवीला १ ते १० या संख्यांची बेरीज करायची होती. एका मुलीने ‘फॉर’ऐवजी ‘व्हाइल’ लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची दुसरी रचना) वापरले. पडद्यावर ५५ आले आणि खाली लाल फुली. एका मुलाने गणिताचे सूत्र लावले: दहा गुणिले अकरा, भागिले दोन. त्याला ५५.० मिळाले, कारण पायथन ३ मध्ये एका तिरक्या रेघेने भागले की उत्तर दशांश चिन्हासह येते. पूर्णांक हवा तर दोन रेघा द्याव्या लागतात. इथे केवढे शिकवता आले असते! त्यालाही तीच फुली: ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ सूत्रच चुकले असे समजून तो तासभर वहीत ते पडताळत बसला.

शिवाय पायथनचा स्वतःचा संदेश तुम्ही मुलांना दिसूच देत नाही. कोलन (:) राहिला तर पायथन ओळीचा क्रमांक देतो, ३.१० आवृत्तीपासून तर तिथे कोलन हवा होता हेही सांगतो. आपली चूक आपण शोधण्यातूनच मूल शिकते, हे १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, आग्रहाने मांडत.

दोनदा फोन केला. ‘नमुना उत्तर बघून तसेच टाइप करायला सांगा,’ असे उत्तर मिळाले. हे मी वर्गात सांगणार नाही. यातल्या बहुतेकांच्या घरी संगणक नाही. आठवड्यातले दोन तास त्यांच्या हाती कीबोर्ड येतो, ते नक्कल करण्यात घालवायचे का?

तपासणी प्रोग्रामच्या उत्तरावरून व्हावी आणि पायथनचा संदेश मराठी अर्थासह दिसावा, ही आमची मागणी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होण्यापूर्वी हे झाले नाही, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत. ते देणगीचे आहेत, आणि त्यांचा हिशेब मला द्यायचा आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
संगणक शिक्षिका

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही प्रोग्रामचे स्क्रीनशॉट