फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन: बाबांना पत्र

ऑक्सफर्ड,
रविवार

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

फियाटला जिप्सीचं इंजिन बसवायचं तुम्ही मनावर घेतलंय, आणि नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रींनी पंधरा दिवसांत गाडी उभी करून द्यायचा शब्दही दिलाय, असं दादाकडून कळलं. फोनवर या विषयाचं बोलणं धड होत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढते. इंजिन बदलायला माझा विरोध नाही. कामाचा क्रम मात्र मला पटलेला नाही. आधी ब्रेक, मग बाकीचं, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. असं का म्हणते ते सांगते.

आमच्या गल्लीतल्या आजोबांकडे मॉरिस मायनर आहे. ही गाडी इथल्याच काउलीच्या कारखान्यात १९४८ पासून बनायची, आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आपली अँबॅसिडर जिच्यावरून आली ती मॉरिस ऑक्सफर्डसुद्धा काउलीचीच. तर या मायनरमध्ये आजोबांनी फोर्डचं १.८ लिटरचं झेटेक इंजिन बसवलं. शनिवारी सुटी असली की मी त्यांच्या हाताखाली काम करायला जायचे. मूळ इंजिन १०९८ सीसीचं, ४८ हॉर्सपॉवरचं. नवं आहे ११५ च्या घरात. पण इंजिन आणण्याच्या कितीतरी आधी त्यांनी पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, मागच्या ड्रमचे लायनर आणि सिलिंडर बदलले, आणि ४८ हॉर्सपॉवरवरच गाडी चालवून बघितली. ब्रेकबद्दल खात्री पटल्यावरच जुनं इंजिन खोललं.

आपल्या फियाटला चारही चाकांना ड्रम आहेत. १०८९ सीसीचं इंजिन साधारण ४० हॉर्सपॉवर देतं, आणि कंपनीने ब्रेक बसवले ते त्या हिशेबाने. इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, ८० हॉर्सपॉवरचं, म्हणजे थेट दुप्पट. वेग साठवरून नव्वदवर गेला की थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. कसारा घाट उतरताना ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. त्यात जुन्या गाड्यांमध्ये बहुधा चारही चाकांचं ब्रेकचं तेल एकाच सर्किटमध्ये असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आपल्या गाडीत काय आहे ते मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की तेल ढकलणारं सिलिंडर, बघून मला कळवा. सिंगल असेल तर इंजिनाचं काहीही ठरो, टँडम, म्हणजे दोन वेगळ्या सर्किटांचं, मास्टर सिलिंडर बसवून घ्याच. आई त्या गाडीत बसते, बाबा.

आता प्रत्यक्ष इंजिन बसवण्याबद्दल. झेटेक मूळचं फोकस, माँडिओ अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं, म्हणजे बॉनेटखाली आडवं बसणारं. मायनरची मागची चाकं फिरतात, म्हणून ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, करावं लागलं. उभं केलं आणि हेडच्या मागच्या टोकाची पाण्याची नळी नेमकी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, आली. चेन ब्लॉकवर इंजिन लटकतंय, आम्ही ते बोटाबोटाने खाली सोडतोय, आणि खाली संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, स्टिअरिंगच्या रॅकला टेकतोय. आजोबांनी इंजिन परत वर घेतलं. बॉडीला ना हातोडा लावला ना ग्राइंडर. पुठ्ठा कापून संपचा साचा केला, तो रॅकवर धरून पेन्सिलीने खूण केली, आणि संप त्या मापाने कापून पुन्हा वेल्ड करून घेतला. पाण्याची वाट बदलायला ॲल्युमिनियमचं नवं आउटलेट बनवलं. इंजिन धरणारे फाउंडेशनचे ब्रॅकेट आणि गिअरबॉक्स धरणारी आडवी पट्टी, दोन्ही बोल्टवर बसणारी केली. उद्या कोणाला मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं तर बोल्ट सोडले की झालं.

याला एक सरकारी कारणही होतं. मोठे फेरफार केलेल्या गाडीची ओळख ठरवायला इथल्या नोंदणी खात्याची गुण मोजायची पद्धत होती. मूळ बॉडीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. जुना नंबर टिकवायला ८ गुण लागायचे. ज्या इंजिनासाठी एवढा खटाटोप, त्याला एकच गुण! मला ते अगदी रास्त वाटलं. गाडी म्हणजे तिची बॉडी.

जिप्सीचं इंजिन उभंच असतं आणि मागच्या चाकांना ताकद देतं, हे तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस वेगळी असल्यामुळे ती काढून गिअरबॉक्समधून सरळ मागे लांब शाफ्टही नेता येतो. इथवर त्यांची निवड चांगली आहे. पण तो शाफ्ट कोणत्या कोनात बसवणार, हे त्यांना जरूर विचारा. गिअरबॉक्सचा फ्लँज आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे फिरत्या सांध्यांचे, कोन सारखे येतात आणि एकाची थरथर दुसरा मारतो. नाहीतर साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते आणि क्रॉस महिन्यामहिन्याला जातात. मिस्त्री जर गिअरबॉक्स फियाटचाच ठेवायचं म्हणत असतील, तर मधे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट येणार. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा, एक दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा जास्त होतो. तुम्ही सातपूरच्या टूलरूममध्ये उभी हयात काढलीत, डायल गेज लावून ते तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण बघणार? ती प्लेट लेथवाल्याकडून आली की बसवण्याआधी तुमच्या हातून तपासून जाऊ द्या.

वायरिंगचं काम मात्र सगळ्यात किचकट, आणि मिस्त्री ते शेवटी दोन दिवसांत उरकतात. आजोबांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. मायनरची बॅटरी मुळात उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थची. आधी ती सगळी फिरवली. मग क्रँकचा सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा, थ्रॉटलचा, सायलेन्सरमधला ऑक्सिजनचा, एकेक वायर मल्टिमीटर लावून तपासली आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. इंजेक्शनच्या जिप्सीलाही ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, आणि असेच सेन्सर आहेत, त्यामुळे इंजिन घेताना तिचं पूर्ण वायरिंग, ईसीयू आणि किल्ली सगळं एकाच गाडीचं घ्या. भंगारवाल्याने वायरिंग कापून दिलं तर घेऊ नका. पेट्रोलचंही तसंच. फियाटचा पंप कार्बोरेटरला अगदी थोड्या दाबाने पेट्रोल देतो, इंजेक्शनला ३ बारच्या आसपास लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि साध्या क्लिपा त्याला टिकायच्या नाहीत. आणि गरम इंजिनावर पेट्रोल उडालं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. टाकीला आतून पडदे नसले तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं, त्यासाठी मधे एक छोटी टाकी ठेवावी लागते. रेडिएटर मोठा लागेल, पंखा इलेक्ट्रिकचा लागेल. पंधरा दिवसांत हे सगळं नीट होत नाही. होतं असं कोणी म्हणत असेल तर तो यातलं काहीतरी सोडून देणार आहे.

कागदपत्रांकडेही तुम्ही अजून पाहिलेलं दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे आणखी ठासून सांगितलं. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत आधी लेखी विचारा, परवानगी मिळाली तरच पुढचं पाऊल टाका. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर पासिंग अडेल, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरी एक वाट आहे. आपली गाडी १९७४ ची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, २०,००० रुपये फी आणि १० वर्षांची मुदत. पण गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार केलेली चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांना. तुम्ही तर रोज सकाळी तिच्यातूनच भाजीला जाता. तेव्हा व्हिंटेजचा नाद मी तरी करणार नाही. पण जिप्सीचं इंजिन घातलं की ती वाटही बंद होते, एवढं ध्यानात असू द्या.

माझ्या मनात आलं ते असं. मूळ इंजिनाने दम का टाकलाय ते आधी शोधू. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या आणि आकडे मला पाठवा. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्या शिशाने जुन्या व्हॉल्व्ह सीट वाचायच्या, आता त्या झिजतात. हेड काढाल तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घ्या आणि हेड सपाट आहे का ते बघा, ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की वाकतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुनी रबरं फुगतात, पंपाचा डायफ्रॅम जातो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तुम्ही म्हणता ना, गाडी चढाला ओढत नाही आणि तापते? त्यात या पातळ मिश्रणाचाही हात असू शकतो. कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा घालून बघा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमो असेल तर त्याजागी अल्टरनेटर, आणि रेडिएटरचा कोअर नवा. एवढं केलं तर १०८९ पुष्कळ वर्षं चालेल.

आणि तरीही नवं इंजिन हवंच असेल, तर माझी पसंती प्रीमियरच्या ११८ एनई गाडीच्या इंजिनाला. ते निस्सानचं ए१२, ११७१ सीसी, कार्बोरेटरवालं, उभं बसणारं, गिअरबॉक्ससकट. आपली फियाट बनवणाऱ्या प्रीमियरनेच ते स्वतःच्या त्या गाडीत घातलं होतं, तेव्हा या घरात ते परकं नाही. ईसीयू नाही, पेट्रोलचा दाब नाही, ब्रेकवर एकदम दुप्पट भार नाही. ताकद थोडीच वाढते, पण तुम्हाला हवी तेवढी वाढते. हिंदुस्तान मोटर्सनेही अँबॅसिडरला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन दिलं, तेव्हा जोडीला पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिलाच.

एक गोष्ट मात्र दोन्ही इंजिनांत जाणार, ती म्हणजे स्टिअरिंगवरचा गिअर. नवा दांडा जमिनीतून वर येईल आणि पुढचा अखंड सोफा कापून दोन खुर्च्या कराव्या लागतील. पुढे तिघं बसायची सोय गेली. माझं मन त्यालाच सगळ्यात जास्त अडतंय. आईला विचारलंत का? तिचं मत घेतल्याशिवाय सोफ्याला हात लावू नका.

मिस्त्रींना ॲडव्हान्स अजून देऊ नका. दादाला सांगून एवढं पाठवा: आरसी बुकाच्या पानाचा फोटो, ब्लॉकवरचा इंजिन नंबर, फायरवॉलपासून रेडिएटरच्या पट्टीपर्यंतचं अंतर, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली बॉनेटखालची मोकळी जागा, आणि खाली आडव्या मेंबरपासून बॉनेटपर्यंतची उंची. टेप पत्र्याला टेकवून मिलिमीटरमध्ये माप घ्या. मी इथे पुठ्ठ्यावर दोन्ही इंजिनांचे आराखडे काढून ठेवते. ब्रेकचं काम तेवढं या आठवड्यात सुरू करा, त्याचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवलेत.

आईला आणि वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी