छपरावरच्या अँटेनाचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सहाव्या पिढीच्या मोबाइल सेवेविषयी हल्ली वृत्तपत्रांतून बरेच छापून येते आणि त्यात ‘प्रवाही अँटेना’ (संदेश चांगला मिळेल त्या जागी स्वतःच सरकणारी अँटेना) हा शब्दही अधूनमधून दिसू लागला आहे. मात्र या अँटेनामुळे इंटरनेट किती वेगवान होईल, एवढ्यावरच हे लेखन बहुधा थांबते. तंत्रनिकेतनात सत्तावीस वर्षे हा विषय शिकवल्यामुळे मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, या तंत्राचे खरे मोल रेंजच्या भरवशात आहे आणि आपल्या खेड्यांसाठी ते हातातल्या फोनपेक्षा घराच्या छपरावर अधिक उपयोगी पडेल.

टॉवरवरून निघालेली लहर भिंती, पत्रे, झाडे यांवर आपटून अनेक वाटांनी आपल्यापर्यंत येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. मी विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग दरवर्षी करून घेत असे. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात, प्रेषक नजरेआड ठेवून, लाकडी पट्टीवर छोटी अँटेना एकेक सेंटिमीटर पुढे सरकवायची आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. तीन-चार सेंटिमीटरच्या सरकण्यात आकडा वीस डेसिबलने कोसळे, म्हणजे मिळणारी शक्ती शंभराव्या हिश्श्यावर येई आणि अँटेना आणखी थोडी सरकवली की आकडा पुन्हा वर चढे. गावाकडे माझी आत्या फोन आला की ओटीवरच्या ठराविक खांबाला टेकून बोलते. तिने वर्षानुवर्षांच्या अनुभवाने शोधलेली जागा आणि आमच्या पट्टीवरची खूण यांत तत्त्वतः काहीच फरक नाही.

प्रवाही अँटेना हेच काम स्वतः करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील काय-किट वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० पासून मांडलेल्या कल्पनेनुसार अँटेनाला एका छोट्या पट्ट्यात अनेक जागा उपलब्ध असतात आणि ज्या क्षणी जिथे संदेश सर्वांत स्वच्छ मिळतो तिथे ती जाऊन बसते. नावात प्रवाही असले तरी त्यात द्रव असलाच पाहिजे असे नाही. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचे खोलीच्या तापमानाला पातळ राहणारे मिश्रण नळीतून पुढे-मागे ढकलता येते, किंवा चिमुकल्या धातूपट्ट्यांची जाळी इलेक्ट्रॉनिक स्विचने हवी तशी जोडता-तोडता येते.

यातला कोणता मार्ग कुठे चालेल, हा माझ्या मते कळीचा प्रश्न आहे. ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या एसटीत ३.५ गिगाहर्ट्झवर चांगली जागा बिघडायला जेमतेम अडीच मिलिसेकंद लागतात. नळीतला द्रव इतका चपळ नसतो, शिवाय हवा लागताच त्या धातूवर ऑक्साइडची साय धरते आणि तो नळीला चिकटू लागतो. तिथे स्विचची जाळीच हवी. दुसरे असे की, लांबवर पोहोचणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर असते. वीतभर फोनमध्ये अँटेना कुठेही सरकवली तरी तिला फारशी वेगळी लहर भेटत नाही. म्हणजे जिथे रेंजची ओढाताण सर्वांत जास्त आणि टॉवर दूर, नेमक्या त्याच वारंवारतेवर फोनमधल्या प्रवाही अँटेनाचा लाभ कमी.

छपरावर मात्र हातभर लांबीची पेटी सहज मावते. घर जागचे हलत नाही, आजूबाजूची स्थितीही सावकाश बदलते, त्यामुळे द्रवाची मंद चालही तिथे खपून जाते. त्या पेटीतून घरात वायफाय दिले की काम झाले. डोंगराच्या पूर्ण आडोशाला असलेल्या वाडीला यानेही रेंज मिळणार नाही, तिथे टॉवरला पर्याय नाही, हे मी स्पष्ट सांगतो; परंतु क्षीण, येणारी-जाणारी रेंज असलेल्या असंख्य घरांना याचा आधार होऊ शकेल.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘भारत ६जी’चा दृष्टिकोन आराखडा जाहीर केला. त्यानुसार होणाऱ्या संशोधनात छपरावरच्या अशा उपकरणांना स्वतंत्र स्थान मिळावे आणि कोकणासारख्या भागात जांभ्याच्या भिंती, पत्र्याची पडवी, भिजलेली झाडी यांच्या सान्निध्यात, भर आषाढात, त्यांची मोजमापे घेतली जावीत. अशी प्राथमिक मोजणी करण्यास जिल्ह्याच्या ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने पुरेशी सक्षम आहेत. लहरी निर्माण करणारा एक सिग्नल जनरेटर, त्या मोजणारा एक स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि चिकाटीचे चार विद्यार्थी एवढ्यावर ती सुरू होऊ शकते. ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत, अशी संबंधितांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, चिपळूण